फूड लायसन्सचा अर्ज चिकट्यात अडकतो तेव्हा

बडोद्यात दांडिया बाजाराकडे खानावळ चालवणाऱ्या एका काकूंच्या अर्जावर दोनदा शेरा आला. स्वयंपाकघर लखलखीत, शेगडीवरचा धूर ओढणारा हुड आदल्या रात्रीच घासलेला. पण तपासणीत विचारलं गेलं, "सफाईची नोंद?" काकू म्हणाल्या, "अहो, रोज करतो की!" रोज करणं वेगळं आणि रोज लिहिणं वेगळं, हे त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

सोपं आधी उरकू. अर्ज फॉसकॉसवर, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याच्या (एफएसएसएआय) ऑनलाइन पोर्टलवर करायचा. धंद्याचा प्रकार आणि वार्षिक उलाढाल भरली की रजिस्ट्रेशन लागेल की लायसन्स, ते कळतं. लायसन्ससाठी फोटो ओळखपत्र, भाडेकरार किंवा लाइटबिल, पदार्थांची यादी लागते. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा.

आता अडणाऱ्या गोष्टी. स्वयंपाकघराच्या नकाशात मापं मीटरमध्ये हवीत आणि कुठल्या जागेत काय काम चालतं तेही दाखवायचं. यंत्रांच्या यादीत हॉर्सपॉवर लिहावी लागते. मिक्सर, फ्रीज सगळे लिहितात, एक्झॉस्टची मोटार विसरतात. तिच्यावरची पाटी चिकट्याखाली गेलेली असते, म्हणून आधी ती पुसून फोटो काढून ठेवा.

नोंदीची भानगड फूड लायसन्सच्या नियमांतल्या शेड्यूल 4 मध्ये, म्हणजे स्वच्छतेच्या अटींच्या यादीत आहे. कुठली जागा, किती दिवसांनी, कशाने आणि कशी साफ करायची याचा कार्यक्रम तिथे मागितलाय आणि तो पाळल्याची नोंदही. हुडसाठी दिवसांचा ठरलेला आकडा मात्र नाही; तो आपणच ठरवायचा. इथेच लोक उत्साहात 'डक्ट रोज' असं लिहून बसतात. डक्ट म्हणजे हुडातला धूर बाहेर नेणारा पाइप; तो कोण रोज उघडणार? हुडातल्या जाळ्या रोज किंवा दोन दिवसांनी, हुड आठवड्याला, डक्ट आणि पंखा दर तीन महिन्यांनी, असं झेपेल तेवढंच लिहा. कोळशाची भट्टी असेल तर डक्ट महिन्याला उघडून पाहा. स्वयंपाकघरातल्या धुराड्यांच्या आगीपासूनच्या सुरक्षेचं अमेरिकेचं एनएफपीए 96 मानकही अशा भट्टीसाठी दरमहा तपासणी सांगतं. साधी वही चालते: तारीख, काय धुतलं, कशाने, सही. अॅल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक सोडा लावू नका, तो जाळी खाऊन टाकतो.

हे सगळं थोतांड नाही. तेलाची वाफ हुडावर थंड होऊन थेंबाथेंबाने पुन्हा कढईत पडते. शिवाय घाण भागातली हवा स्वच्छ भागात येऊ नये, असंही शेड्यूल 4 म्हणतं. पंखा जोरदार असून ताजी हवा यायला वाट नसेल, तर तो संडासाच्या बाजूची हवा ओढतो. दारात उदबत्ती धरा, धूर कुठे वळतो ते दिसेल.

मुदतीचा घोळ सगळ्यात जास्त. त्रुटीचा शेरा आल्यावर 30 दिवसांत पूर्तता झाली नाही तर अर्ज फेटाळला जातो. हे दिवस शेऱ्याच्या तारखेपासून मोजा. आपण तो कधी वाचला, याला अर्थ नाही आणि मेसेज चुकतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी लॉगिन करून बघा. एजंटाने स्वतःचा मोबाइल नंबर दिला असेल तर तो आजच बदलून घ्या. लायसन्स मिळाल्यानंतर येणारी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 ची सुधारणा नोटीस ही निराळी गोष्ट. तिच्यात किमान 14 दिवस द्यावेच लागतात.

काकूंनी तिसऱ्यांदा वहीची पानं स्कॅन करून जोडली. पानांवर तेलाचे डाग होते, पण त्यावर कुणी शेरा मारला नाही.