वैशाखात उघडणारी चौकट

घरच्या छोट्या कामशाळेत फोटोची लाकडी चौकट करणाऱ्या हौशी माणसाला लातूर-परभणीकडे एक अनुभव हमखास येतो. श्रावणात गुण्या (काटकोन तपासायचे सुताराचे साधन) लावून, पंचेचाळीस अंशांत कापून, केसभरही फट न ठेवता सांधलेल्या सागवानी चौकटीचे कोपरे वैशाखात आतल्या बाजूने उघडलेले दिसतात. माझ्या पहिल्या चौकटीच्या वेळी मी करवतीला, मग डिंकाला आणि शेवटी स्वतःच्या हाताला दोष दिला होता. वस्तुतः काप बरोबरच होता; तो नंतर बदलला.

उन्हाने लाकूड प्रसरण पावते, हा शाळेतला समज येथे कामाचा नाही. लाकडावर तापमानापेक्षा हवेतील दमटपणाचा परिणाम कितीतरी मोठा असतो. लाकडाच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जुड्या असतात आणि सेल्युलोजवरील हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजन अणूंच्या जोड्या) पाण्याचे रेणू धरून ठेवतात. हे पाणी जुड्यांच्या मधल्या जागेत शिरते, त्यामुळे जुड्या एकमेकींपासून दूर सरकतात, पण लांब होत नाहीत. कडब्याच्या पेंढीत मध्ये मध्ये ओल्या चिंध्या कोंबल्या तर पेंढी जाड होईल, तिची लांबी मात्र तीच राहील; तसेच हे. भिंतीच्या सर्वांत जाड थरात हे तंतू खोडाच्या उभ्या दिशेशी बहुधा 10 ते 30 अंशांचाच कोन करतात, म्हणून फुगणे आणि आकसणे जवळजवळ सगळे आडव्या दिशेतच घडते. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने (वलयांच्या कडेकडेने) सुमारे 5.8 टक्के आकसते, त्रिज्येच्या दिशेने (गाभ्याकडून सालीकडे) सुमारे 2.5 टक्के आणि लांबीत नाममात्र.

आता भूमिती पाहू. पावसाळ्यात 14 टक्के ओलावा असलेली 60 मिलिमीटर रुंदीची पट्टी उन्हाळ्यात 6 टक्क्यांवर आली, तर स्पर्शरेषेच्या दिशेने चिरलेल्या पट्टीची रुंदी जवळपास 1 मिलिमीटरने घटते. लांबी तीच राहून रुंदी घटली, की पंचेचाळीस अंशांच्या टोकाचा कोन सुमारे अर्ध्या अंशाने अरुंद होतो. दोन्ही पट्ट्यांची टोके बाहेरच्या कोपऱ्यात टेकलेलीच राहतात आणि आतल्या कोपऱ्याशी एक मिलिमीटरहून मोठी फट पडते. वैशाखात केलेली चौकट पावसाळ्यात याच्या उलट, म्हणजे बाहेरून उघडते. फट कोणत्या बाजूला आहे यावरून चौकट कोणत्या ऋतूत झाली असावी, याचा अंदाज करता येतो. मला हे फार आवडते.

दिवंगताच्या फोटोच्या चौकटीतून रात्री ‘कट्’ असा आवाज आला, की आपल्याकडे घरात कुजबुज सुरू होते. तो ताण सुटणाऱ्या सांध्याचा आवाज असतो. पितरांचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘सीझन केलेले लाकूड कधीच हलत नाही’ हा दुकानदारांचा दावाही तितकाच पोकळ आहे, कारण वाळवलेले लाकूड हवेतील ओलावा पुन्हा घेतच राहते.

उपाय साधे आहेत. फट रुंदीच्या प्रमाणात वाढते, म्हणून पट्टी अरुंद घ्यावी. 20 मिलिमीटरच्या पट्टीत ती एक तृतीयांश भरेल. वर्षवलये पट्टीच्या रुंद बाजूशी काटकोनात येतील असा तुकडा निवडल्यास हालचाल निम्म्याहून कमी होते. कोपऱ्यात करवतीने खाच पाडून पातळ लाकडी चीप डिंकाने बसवली, तर सांधा अधिक ताण सोसतो. पॉलिश मात्र पाठीमागेही द्यावे, नाहीतर पुढची बाजू बंद आणि मागची उघडी राहून पट्टीला बाक येतो.