केसिंग व ट्यूबिंग (तेलविहिरीतील नळ्या)

तेलविहिरीत उतरवल्या जाणाऱ्या दोन प्रकारच्या पोलादी नळ्या. केसिंग हे विहिरीच्या भिंतीचे कायमचे अस्तर असून त्याच्या बाहेरच्या फटीत सिमेंट भरून ते खडकाशी पक्के केले जाते. ट्यूबिंग सर्वांत आतल्या केसिंगमध्ये टांगलेले असते आणि तेल-वायू सामान्यतः त्यातूनच वर येतात. गंज, वाळूची झीज व मेणाची पुटे ट्यूबिंगवर यावीत, ते खराब झाल्यास उपसून बदलावे आणि केसिंग शाबूत राहावे, हा या विभागणीचा हेतू होय.

या नळ्यांचे पूर्वरूप मिठासाठी खोदलेल्या खाऱ्या पाण्याच्या विहिरींत आढळते. चीनच्या सिचुआन भागात साधारणतः अकराव्या शतकाच्या मध्यापासून, आतल्या गाठी फोडून एकमेकांत बसवलेले बांबू वरचे गोडे पाणी अडवीत. अमेरिकेतील कनावा खोऱ्यात रफनर बंधूंनी १८०८ च्या सुमारास पोखरलेल्या दोन लाकडी पट्ट्या जोडून, त्यांवर सुतळी गुंडाळून नळी केली. ती गोडे पाणी बाहेर ठेवी व खारे पाणी आतून वर आणी, म्हणून तिला केसिंग म्हणण्यापेक्षा दोन्हींचे मिश्र पूर्वरूप मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एडविन ड्रेक यांनी १८५९ मध्ये अमेरिकेतील टायटसव्हिल येथे तेलविहीर खोदताना खडक लागेपर्यंत ठोकलेल्या लोखंडी नळाला पुष्कळदा पहिल्या केसिंगचा मान दिला जातो. परंतु तो भुसभुशीत माती ढासळू नये म्हणून छिद्रणापूर्वीच बसवलेला असल्याने आजच्या कंडक्टर नळीशी (विहिरीच्या तोंडाशी माती रोखणाऱ्या सर्वांत बाहेरच्या नळीशी) त्याचे साम्य जास्त आहे.

दोहोंचे विनिर्देश अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ५ सीटी या एकाच मानकात आहेत. त्यानुसार केसिंगचा बाह्य व्यास ४½ ते २० इंच व ट्यूबिंगचा १.०५० ते ४½ इंच असतो. ४½ इंची नळी दोन्ही तक्त्यांत येते, म्हणजे केवळ व्यासावरून निवाडा होत नाही. पोलादाच्या प्रतीतील आकडा किमान नमनबल (ज्या ताणाला पोलाद कायमचे विरूपित होऊ लागते तो) हजार पौंड प्रति चौरस इंच या मापात सांगतो. जे-५५ व के-५५ यांचे नमनबल सारखेच, ५५,००० असले तरी किमान ताणबल (तुटण्यापूर्वी सोसता येणारा कमाल ताण) अनुक्रमे ७५,००० व ९५,००० असते. यांपैकी के-५५ ही प्रत केसिंगसाठीच योजतात. ट्यूबिंगची टोके पुष्कळदा बाहेरून जाड केलेली असतात, जेणेकरून आटे पाडल्यावरही सांधा नळीइतकाच मजबूत राहतो.

पॅकर (ट्यूबिंग व केसिंग यांमधली पोकळी बंद करणारे साधन) नसलेल्या दांडीपंपाच्या विहिरीत तेल ट्यूबिंगमधून, तर सुटा वायू दोन नळ्यांमधल्या पोकळीतून वर येतो. काही अरुंद विहिरींत ट्यूबिंगच सिमेंटने पक्के करतात. तेथे ते केसिंगचेही काम करते.