ट्रान्स-सायबेरियनचं एकच तिकीट काढून हवं तिथे उतरता येतं का?

मॉस्को ते व्लादिवोस्तोक एक तिकीट काढायचं, वाटेत मन रमेल तिथे उतरायचं, दोन दिवसांनी मागून येणारी गाडी पकडायची: सायबेरियाच्या प्रवासाबद्दल ही समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे. तसं होत नाही.

ट्रान्स-सायबेरियन हे एका गाडीचं नाव नाही. तो ९,२८८ किलोमीटरचा लोहमार्ग आहे आणि त्यावर अनेक गाड्या धावतात. ‘रोसिया’ ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. लांब पल्ल्याच्या गाडीचं तिकीट ठरावीक तारखेचं, डब्याचं आणि बर्थचं असतं. डब्याच्या दारातच पासपोर्टशी ताडून पाहतात. प्रवास खंडित करून दहा दिवसांपर्यंत थांबण्याची तरतूद रशियन कायद्यात आहे खरी, पण पुढच्या गाडीतल्या जागेचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. परक्या भाषेत स्टेशनवर ही खटपट कोण करणार?

त्यापेक्षा टप्प्यांची वेगळी तिकिटं काढावीत: मॉस्को ते येकातेरिनबुर्ग, तिथून बैकाल सरोवरासाठी इर्कुत्स्क, मग व्लादिवोस्तोक. एकूण खर्च सहसा थोडा वाढतो, पण मुक्काम मनासारखे होतात. बीजिंगला जायचं असेल तर वाट बैकालच्या पुढे फुटते, मंगोलियातून किंवा ईशान्य चीनमधल्या मांचुरियातून. व्हिसाचा विचार तिकिटाआधी करावा.

जुन्या प्रवासवर्णनांतला ‘सगळं वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेनुसार’ हा सल्लाही आता कालबाह्य झाला आहे. ऑगस्ट २०१८पासून तिकिटावर स्थानिक वेळ छापतात.