'यंदा पट वाढला': झेडपी शाळेच्या वर्षभराच्या प्रगतीमागचा इतिहास

मार्च-एप्रिल आला की झेडपीच्या मास्तर-बाईंचे व्हॉट्सअॅप स्टेटस बघण्यासारखे असतात. शिष्यवृत्तीला इतके बसले इतके लागले, नवोदयला (केंद्र सरकारची निवासी शाळा) एक निवड, लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही, परसबागेला तालुक्यात दुसरा नंबर, आणि सगळ्यात वर जाड अक्षरात, पट, म्हणजे शाळेतल्या मुलांचा आकडा, अमुकवरून अमुकवर गेला. बाहेरच्या माणसाला ही जाहिरात वाटते. आमच्या घरात दोन मास्तर होऊन गेले त्यामुळे हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत, आणि मला विचाराल तर त्या यादीतली एकेक ओळ म्हणजे कुठल्या ना कुठल्या कायद्याची, जीआरची (सरकारी निर्णयाची) नाहीतर भांडणाची उरलेली खूण आहे. खेड्यातल्या शाळेने काय केलं की तिला 'प्रगती' म्हणायचं, हे शाळेने स्वतः फार क्वचित ठरवलंय. वरून कोणीतरी ठरवतं आणि मग गावातले दोन शिक्षक वर्षभर त्याच्यामागे पळतात.

सुरुवात कुठून करायची तर 1882 पासून. त्या वर्षी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या पट्टीचा पैसा घेता आणि खर्च वरच्या वर्गाच्या कॉलेजांवर करता, निदान 12 वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आणि खेड्यातला शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातला असावा, गावात मिसळणारा असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. यातलं शेवटचं लोक विसरतात, पण आज जी शाळा नावारूपाला येते तिथे बघा, गुरुजी गावात मिसळलेले असतातच. फुल्यांचं तेव्हा कोणी ऐकलं नाही.

सक्ती आधी संस्थानांत आली. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 ला ब्रिटिश सरकारच्या केंद्रीय कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडलं, ते पडलं. आणि 1917 ला कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा आणला, त्यात मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड. त्या काळचा रुपया म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तो 1 रुपया लक्षात ठेवा, पुढे परत येतो.

ब्रिटिश मुलखात 1918 चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा फक्त नगरपालिकांपुरता होता, खेडी बाहेरच. 1923 च्या कायद्याने लोकल बोर्डं त्यात आली. जुनी माणसं शाळेला अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात ती त्यातूनच. त्या काळात शाळेची प्रगती म्हणजे साहेबाने शेरेबुकात लिहिलेल्या दोन ओळी. डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर, गावाच्या तोंडी 'दिपोटी'. तो येणार म्हणलं की शाळा सारवायची, पोरांना धुवून पुसून बसवायचं, हुशार चौघं पुढच्या रांगेत. आज तपासणी पथक येणार म्हणलं की रांगोळी आणि लेझीम, फरक इतकाच की आता फोटो जिओटॅग करून टाकावे लागतात.

या जुन्या शाळांनी मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र कुठल्याच अहवालात येत नाही, ती म्हणजे जनरल रजिस्टर. पोराचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल कधी झाला. 2023 ला मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची मोहीम सुरू झाली तेव्हा गावोगावच्या शाळांची कपाटं उघडली गेली, मोडी वाचणारी माणसं शोधली गेली, आणि एका धुळकट वहीवर शेकडो घरांचं भवितव्य लटकलं. ज्या मास्तराने 1920-30 च्या सुमाराला टाक बुडवून ती ओळ लिहिली त्याला काय माहीत.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. 'झेडपी' हे आडनाव तिथून लागलं. शिष्यवृत्ती परीक्षा त्याच्या आधीची, 1954-55 पासूनची, चौथी आणि सातवीला. आणि खरं सांगायचं तर पुढची पन्नास-साठ वर्षं शाळा चांगली की वाईट हे मोजायचं गावाकडे एवढंच एक माप होतं. "त्या शाळेची दरवर्षी दोन तरी पोरं शिष्यवृत्तीत येतात," बास, एवढ्यावर लोक शेजारच्या गावातून पोरं पाठवायचे. रात्री कंदिलावर जादा तास घेणारे गुरुजी ही काही दंतकथा नाही, आमच्या आजोबांच्या पडवीत ते वर्ग भरायचे आणि आजी चहा करून करून वैतागायची. मग 2016-17 पासून परीक्षा पाचवी-आठवीला नेली. कागदावर ठीक असेल, पण बहुतेक झेडपी शाळा चौथीलाच संपतात, म्हणजे चार वर्षं घासून पोरगं तयार केलं एका शाळेने आणि यादीत नाव लागलं दुसऱ्याच. त्या एका निर्णयाने खेड्यातल्या शेकडो शाळांच्या वार्षिक यादीतली पहिली ओळच गायब झाली. आता 2025-26 पासून परत चौथी-सातवी करायचं ठरलंय. बरं केलं, पण मधल्या वर्षांतल्या शिक्षकांचं श्रेय गेलं ते गेलंच.

नवोदयचं थोडक्यात सांगतो. 1985-86 ला देशात पहिली दोनच नवोदय विद्यालयं सुरू झाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना. जिल्ह्यात 80 च्या आसपास जागा आणि बसणारे हजारो, म्हणून एखादं पोरगं लागलं की गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागतो.

आता पोरं शाळेत यायची आणि टिकायची कशी, हा खरा प्रश्न. 1987 च्या खडू-फळा मोहिमेतून निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, थोडं साहित्य असं धोरण आलं, तोवर कित्येक ठिकाणी देवळाच्या ओसरीत एकच मास्तर चार वर्ग सांभाळत होता (आजही चार वर्ग दोघांतच असतात, सोडा). मग 1992 ला आला उपस्थिती भत्ता. मागास आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातली पहिली ते चौथीची मुलगी शाळेत आली की दिवसाला 1 रुपया, वर्षाला जास्तीत जास्त 220. शाहू महाराजांनी न आल्याबद्दल रुपया घेतला, पंचाहत्तर वर्षांनी सरकार आल्याबद्दल रुपया द्यायला लागलं. आणि गंमत म्हणजे रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली तरी भत्ता वर्षानुवर्षं तोच एक. 1917 चा रुपया बापाला झोंबायचा. हा रुपया त्या मुलीला तरी जाणवतो का देव जाणे.

1995 ला माध्यान्ह भोजन आलं, पण आधी शिजवलेलं नव्हतंच, 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला 3 किलो तांदूळ घरी. पिशवी घेऊन रांगेत उभी राहिलेली पिढी आता तिशी-पस्तिशीत आहे, त्यांना विचारा. 28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिजवून ताटात वाढा, आणि मग खिचडी आली. आज जी परसबाग बक्षीस घेते, पालक-मेथी-शेवग्याची, ती त्या खिचडीच्याच पोटी जन्मलेली. वस्तीशाळाही त्याच सुमाराच्या, डोंगरात, पाड्यावर, उसाच्या मळ्यात, एखादा बारावी झालेला पोरगा तुटपुंज्या मानधनावर शिकवायचा आणि कायम व्हायला त्यातल्या बहुतेकांची दहा-बारा वर्षं गेली.

मग मापच बदललं. 2000 ला शिक्षणमंत्री रामकृष्ण मोऱ्यांनी पहिलीपासून इंग्रजी आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण त्यांनी ओळखलं होतं की पालकांचं लक्ष कुठे आहे. तालुक्याच्या गावातून खासगी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वस्तीपर्यंत यायला लागली आणि टाय लावलेलं पोरगं दिसायला लागलं तसा झेडपीचा पट उतरायला लागला. 2005 पासून 'प्रथम' या संस्थेचा 'असर' अहवाल दरवर्षी सांगायला लागला की पाचवीच्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. त्यात कागदावर पट वेगळा आणि वर्गात मुलं वेगळी अशी बोंब सुरू झाली, नांदेडला त्याची पडताळणी झाली, आणि 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला सगळ्या राज्यात एकदम पटपडताळणी, पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावून. बोगस नावं ढिगाने निघाली. प्रामाणिक शाळांनाही त्या तीन दिवसांत चोरासारखं उभं राहावं लागलं. वर्षाच्या यादीत पटाचा आकडा इतक्या अभिमानाने, मुलांच्या फोटोसकट का टाकतात, ते या पार्श्वभूमीवर कळतं.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला, नापास करणं बंद, शाळा व्यवस्थापन समिती आली. पण वर्गात फरक पडला तो माझ्या मते खालून. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (एका अधिकाऱ्याखालच्या शाळांच्या गटात) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद फरशीवर आणला, शब्दशः फरशीवर, जमिनीवर अंकरेषा आखल्या, काड्या-मणी-खडे घेऊन पोरं स्वतः शिकायला लागली, आणि राज्यभरातले शिक्षक गाड्या करून बघायला यायला लागले. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याला संदीप गुंड गुरुजींनी टॅबलेटवर शाळा आणली, तिथून 'डिजिटल शाळा' हा शब्द गावोगाव गेला. 22 जून 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर निघाला आणि खालून आलेलं हे सगळं वरून निकष होऊन परत खाली आलं. मग काय, ज्ञानरचनावाद म्हणजे सगळ्या फरश्या रंगवणं, डिजिटल म्हणजे प्रोजेक्टर, आणि त्यावर आयएसओचं सर्टिफिकेट. कित्येक ठिकाणी कुलूपबंद प्रोजेक्टर अजून आहे, वीजबिल भरलेलं नाही म्हणून. पण त्या लाटेत लोकवर्गणी हा शब्द परत जिवंत झाला हेही तितकंच खरं, यात्रेच्या वर्गणीतले पैसे शाळेला वळवणारी गावं तेव्हा दिसायला लागली.

जगाने दखल घेतली ती त्यानंतर. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटंसं गाव आहे. तिथले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवायचे, पुढे तो राज्याच्याच पुस्तकांत छापून आला, आणि 3 डिसेंबर 2020 ला त्यांना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्यातले अर्धे पैसे त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटायचं जाहीर केलं. दुसरी गोष्ट दत्तात्रय वारे गुरुजींची. शिरूर तालुक्यात वाबळेवाडीची शाळा त्यांनी आणि गावाने मिळून अशी उभी केली की झेडपीच्या शाळेत प्रवेशाला वेटिंग लिस्ट लागली. हे वाक्य 2011 च्या पटपडताळणीच्या वेळी कोणी बोललं असतं तर हसले असते. पुढे ते खेड तालुक्यात जालिंदरनगरला आले. तिथे तेव्हा पट होता 3. तीन! शाळा बंदच पडायच्या बेतात. तो पट शंभराच्या पार गेला, आणि 2025 च्या वर्ल्ड्स बेस्ट स्कूल प्राइझमध्ये लोकांच्या मतांवर दिला जाणारा कम्युनिटी चॉइस अवॉर्ड या शाळेला मिळाला. पुरस्काराच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. माझं लक्ष मात्र त्या 3 वरच अडकलं, कारण असा तीन-पाच-सात पट असलेली शाळा प्रत्येक तालुक्यात आहे आणि तिथले गुरुजीही काही झोपा काढत नसतात.

राज्यात 20 च्या आत पट असलेल्या शाळा 14-15 हजार आहेत. त्या जवळच्या मोठ्या समूह शाळेत मिसळायच्या का यावर 2023 पासून वाद चालू आहे, पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं दिली जातात, आणि विरोध करणारे विचारतात की पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांची पोर जाणार कशी. दोन्ही बाजूंना मुद्दा आहे, पण ओढ्याचा मुद्दा मला जास्त पटतो. त्यात 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या, जीआरनंतर कमी पटाच्या शाळेत दुसऱ्या शिक्षकाची खुर्ची कायम डळमळीत. 30 सप्टेंबरचा पट धरून पदं ठरतात, म्हणजे त्या एका तारखेला दोन मुलं कमी भरली, एखादं कुटुंब ऊसतोडीला लवकर निघून गेलं, की शिक्षक अतिरिक्त. दुसऱ्या बाजूने 'मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा'सारख्या स्पर्धा, राज्यात पहिल्या शाळेला 51 लाखांचं बक्षीस, त्यासाठी भिंती रंगतात, फोटो अपलोड होतात, रात्री बारापर्यंत मास्तर लिंक भरत बसतात.

त्यामुळे नवं वर्ष जूनमध्ये सुरू होतं असं म्हणायचं फक्त. गेल्या काही वर्षांत पाडव्याला बऱ्याच झेडपी शाळांच्या दारात 'गुढीपाडवा, पट वाढवा' असा बोर्ड लागतो, गुढी शाळेसमोर उभारतात, पहिलीत येणाऱ्या पोरांना औक्षण करून साखरेची गाठी गळ्यात घालतात आणि नावं तिथेच लिहून घेतात. दुपारी मग बाई आणि गुरुजी एका मोटारसायकलवर बसून राहिलेल्या वस्त्यांवर जातात, पिवळ्या गाडीचा एजंट यायच्या आत.