प्रेरित वाहतूक

रस्ता नवा बांधल्यामुळे किंवा रुंद केल्यामुळे जी जादा वाहतूक निर्माण होते, म्हणजे रस्त्यात काहीच बदल झाला नसता तर जी झालीच नसती, तिला प्रेरित वाहतूक म्हणतात. रुंदीकरणाने कोंडी किती काळ सुटेल आणि त्यावरचा खर्च वसूल होईल का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्या अंदाजावर अवलंबून असतात.

रस्ता वापरायला पैसे पडत नसले, तरी प्रवास फुकट नसतो. प्रवासी त्याची किंमत वेळेत मोजतो. मार्गिका वाढल्या की प्रवासाचा वेळ घटतो, म्हणजेच किंमत उतरते, आणि स्वस्त झालेल्या कोणत्याही वस्तूची मागणी वाढते तशी रस्त्याचीही वाढते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये हे नियमाच्या रूपात मांडले : शहरी द्रुतगती मार्गावरची गर्दीच्या वेळची वाहतूक मार्गाच्या कमाल क्षमतेपर्यंत वाढत जाते. पूर्वी कोंडी टाळायला लवकर निघणारे, दुसऱ्या रस्त्याने जाणारे आणि रेल्वे-बस धरणारे असे तिन्ही प्रकारचे लोक मोकळ्या झालेल्या रस्त्यावर परततात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

यातले दुसऱ्या रस्त्यावरून आलेले प्रवासी काटेकोर अर्थाने ‘प्रेरित’ नव्हेत. ती वळलेली वाहतूक. तिच्यामुळे शहरातील एकूण वाहन-किलोमीटर, म्हणजे सर्व वाहनांनी मिळून कापलेले अंतर, फारसे बदलत नाहीत. खरी भर पडते ती नव्या फेऱ्यांमुळे, लांबलेल्या फेऱ्यांमुळे आणि सार्वजनिक वाहतूक सोडून गाडी काढणाऱ्यांमुळे. सर्वांत सावकाश, पण खोलवर होणारा परिणाम भूवापराचा. रस्ता वेगवान झाला की घरे, गोदामे आणि कार्यालये दूर सरकतात. मग ते लांबचे अंतर रोजचेच होऊन बसते.

हे मोजणे मात्र अवघड. जिथे वाहतूक वाढणार असे दिसते तिथेच सरकारे रस्ते बांधतात; त्यामुळे रस्त्याने वाहतूक आणली की वाहतुकीने रस्ता आणला, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. जिल् दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी शहरांच्या अभ्यासात यावर चतुर तोड काढली. आजचे महामार्ग कुठे आले, याचा काही भाग त्यांनी १९४७ चा महामार्ग आराखडा, १८९८ मधले लोहमार्ग आणि १९व्या शतकातल्या शोधमोहिमांच्या वाटा यांच्या आधारे समजावून घेतला. विसाव्या शतकाच्या अखेरची कोंडी डोळ्यांपुढे ठेवून त्या वाटा कोणी आखल्या नव्हत्या, हीच त्या जुन्या नकाशांची उपयुक्तता. निष्कर्ष असा, की आंतरराज्य महामार्गांच्या मार्गिकांची लांबी १० टक्के वाढली, तर त्यांवरचे वाहन-किलोमीटरही जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी वाढतात. त्याआधी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील महानगर प्रदेशांच्या अभ्यासात ही लवचिकता, म्हणजे मार्गिका एक टक्का वाढल्यावर वाहतूक किती टक्के वाढते ते प्रमाण, चार-पाच वर्षांत सुमारे ०.९ पर्यंत पोहोचत असल्याचे आढळले होते. दुरांतों-टर्नर यांचा दुसरा निष्कर्ष सार्वजनिक वाहतुकीच्या पुरस्कर्त्यांना सोयीचा नाही : बससेवा वाढवल्यानेही रस्त्यावरची वाहतूक घटल्याचे त्यांना दिसले नाही. काहींनी गाडी सोडून मोकळी केलेली जागा दुसरे भरतात.

धोरणाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा लाभ-खर्च विश्लेषणाचा. अनेक वर्षे प्रकल्पांचे मूल्यमापन ‘फेऱ्या तेवढ्याच राहतील’ असे धरूनच होई. ब्रिटनमध्ये मुख्य रस्त्यांच्या मूल्यमापनावरील सरकारच्या स्थायी सल्लागार समितीने १९९४ च्या अहवालात प्रेरित वाहतूक प्रत्यक्षात होते असे मान्य केले, आणि ती वगळल्यास कोंडीच्या भागातल्या योजनांचा फायदा फुगून दिसू शकतो असे बजावले. मात्र यावरून ‘रुंदीकरण नेहमीच व्यर्थ’ असे म्हणणे उतावळेपणाचे आहे. नव्याने निघालेला प्रवासीही कशासाठी तरी निघालेला असतो. त्याचे काम, खरेदी, भेटीगाठी हाही लाभच. फक्त तो जुन्या प्रवाशांच्या वाचलेल्या वेळेपेक्षा दर फेरीमागे कमी असतो, आणि धूर, आवाज, अपघात यांचा वाढीव भार त्यातून वजा करावा लागतो.

एक टोकाची शक्यता डाउन्स-टॉमसन विरोधाभास म्हणून ओळखली जाते. रुंद रस्त्याने रेल्वेचे प्रवासी ओढले, तर रेल्वेचे उत्पन्न घटते, गाड्यांच्या फेऱ्या कमी होतात आणि गाडीची वाट पाहण्याचा वेळ वाढतो. त्याला कंटाळून आणखी लोक रस्त्यावर येतात. अखेरीस रस्ता आणि रेल्वे, दोन्हींकडचा प्रवास पूर्वीपेक्षा मंद होऊ शकतो. अर्थात यासाठी दोन्ही साधने एकाच मार्गावर स्पर्धेत असावी लागतात. सरसकट हे घडत नाही.

फुकट रस्त्याची किंमत वेळेऐवजी पैशात घेणे हा गर्दी शुल्कामागचा विचार. सिंगापूरने तो १९७५ मध्ये, तर लंडनने २००३ मध्ये अमलात आणला. स्टॉकहोममध्ये जानेवारी ते जुलै २००६ या काळात आधी केवळ चाचणी घेण्यात आली. शुल्क-सीमा ओलांडणारी वाहतूक तेव्हा सुमारे एक पंचमांशाने घटली. चाचणी संपताच ती बरीचशी परतली, आणि सप्टेंबरमधील सार्वमताचा कौल मिळाल्यावर ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचे लागू झाले.