एखा: मुळाक्षरांत बांधलेला विलाप

इ.स.पू. 586 च्या सुमारास बॅबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचं ज्यूंचं मंदिर पाडलं. त्या पडझडीवरच्या पाच शोककाव्यांचं हिब्रू नाव 'एखा', म्हणजे 'कसं'. मराठी बायबलमध्ये ते 'विलापगीत'. गजबजलेली नगरी विधवेसारखी एकटी कशी बसली, हा पहिलाच प्रश्न आहे.

आक्रोश असला तरी बांधणी काटेकोर आहे. हिब्रू मुळाक्षरं 22. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात 22 कडवी, प्रत्येक कडवं पुढच्या अक्षराने सुरू होणारं. तिसऱ्यात प्रत्येक अक्षर तीनदा, म्हणून 66. पाचव्यात कडवी 22च, पण अक्षरांचा क्रम सुटलेला. दुसऱ्या ते चौथ्या अध्यायात 'पे' हे अक्षर 'आयिन'च्या आधी येतं. 'आयिन' म्हणजे डोळा, 'पे' म्हणजे तोंड. डोळ्यांनी पाहण्याआधीच तोंड बोललं, असा अर्थ जुन्या भाष्यकारांनी काढला. उत्खननात सापडलेल्या काही प्राचीन वर्णमालांतही हाच उलटा क्रम आहे, त्यामुळे ती लेखनिकाची चूक मानायचं कारण नाही. छंदही लंगडा: ओळीच्या पहिल्या भागात तीन आघात, दुसऱ्यात दोनच. कार्ल बुड्डं यांनी 1882 मध्ये तो दाखवून दिला. मात्र सगळ्या ओळी त्यात बसत नाहीत.

रडण्याचेही नियम होते. सगळ्याजणी एकत्र म्हणतात तो 'इन्नुई'. एक म्हणते आणि बाकीच्या मागून म्हणतात ती 'किना', असा फरक मिश्ना हा ज्यूंचा प्राचीन धर्मनियमसंग्रह करतो. गरिबातल्या गरिबानेही बायकोच्या अंत्यविधीला दोन बासऱ्या आणि एक विलाप करणारी बाई आणावी, हे त्यातलंच रब्बी (धर्मगुरू) यहूदांचं मत.

हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला, मंदिर पडल्याच्या स्मरणदिनी, उपास करून, जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसून, मंद उजेडात एखा वाचतात. शेवटची ओळ फार कठोर असल्याने तिच्या आधीची ओळ पुन्हा म्हणून मगच वाचन थांबवतात. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाकडे हाच दिवस 'बिरड्याचा सण' म्हणून पाळला जाई, वालाच्या बिरड्यावरून.

ज्यू विचारवंत गेर्शोम शोलेम यांनी 1917-18 मध्ये, हिब्रू शोकगीतं जर्मनमध्ये आणत असताना, विलापावर टिपण लिहिलं. विलाप काही उघड करत नाही, काही लपवतही नाही. बोलणं आणि गप्प राहणं यांच्या सीमेवरच तो असतो, हा त्याचा गाभा. 1919 मध्ये मनोविश्लेषक फ्रॉइडचा 'उनहाइमलिश' (अनोळखी, भयावह) या शब्दावरचा निबंध आला. या जर्मन शब्दाच्या पोटात 'घर' आहे: एकेकाळी आपलंच असलेलं, दडपलेलं काही परत येतं तेव्हाची भीती. फ्रॉइडने यरुशलेमचा विचार तिथे केलेला नाही. तरी आपल्याच गल्ल्या अनोळखी झालेली एखामधली नगरी या शब्दाशेजारी ठेवून वाचावी, असं आम्हाला वाटतं.

रंगभूमीवर ही भीती 'डिब्बुक' या नाटकात बोलू लागली. मेलेल्या प्रियकराचा आत्मा नवरीत शिरतो आणि तिच्या तोंडून बोलतो. लेखक अन्-स्की यांनी 1912 ते 1914 दरम्यान आजच्या युक्रेनमधल्या व्होलिन आणि पोडोलिया भागांतल्या ज्यू गावांमधून लोककथा आणि गाणी गोळा केली होती. नोव्हेंबर 1920 मध्ये ते वारले. नाटकाचा यिद्दिशमधला (पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला) पहिला प्रयोग वॉर्साला त्यांच्या तीस दिवसांच्या सुतकाअखेरीस झाला.