'बिंज' म्हणजे नेमके किती? कॉलेजातील मद्यपानाच्या एका शब्दाची पार्श्वभूमी

विद्यार्थी आणि मद्य यांचा वाद जुना आहे. फेब्रुवारी १३५५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका मद्यगृहात वाइनच्या दर्जावरून विद्यार्थ्यांचे भांडण झाले आणि त्यातून शहर विरुद्ध विद्यापीठ अशी रक्तरंजित दंगल पेटली. आज या विषयावर बोलताना जे आकडे आणि नियम सांगितले जातात, ते मात्र बहुतेक अमेरिकेत घडलेले, तेही गेल्या पन्नासएक वर्षांत.

तिथे १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ झाले आणि त्या सुमारास अनेक राज्यांनी मद्यपानाचे वयही खाली आणले. पुढे तरुणांच्या रस्ते अपघातांची चिंता वाढली. १९८४ च्या कायद्याने २१ पेक्षा कमी वय ठेवणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद केली, आणि १९८८ पर्यंत सगळी राज्ये २१ वर आली. कॉलेजांची पंचाईत झाली ती इथे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ज्याची कायद्याने मनाई, ते जपून कसे करावे हे सांगायचे कोणत्या तोंडाने?

मग आला 'बिंज'. १९९३ मध्ये १४० कॉलेजांतल्या सतरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली. आधीच्या दोन आठवड्यांत मुलाने एका बैठकीत पाच किंवा मुलीने चार ड्रिंक घेतली असली, तर ते बिंज. या मापाने ४४ टक्के विद्यार्थी त्यात बसले. मुलींसाठी आकडा कमी ठेवण्यामागे कारण होते: शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातले अल्कोहोल जास्त चढते.

अडचण वेगळीच होती. व्यसनांवर उपचार करणारे डॉक्टर हा शब्द पूर्वीपासून वापरत होते, पण कामधाम सोडून सलग दोन-तीन दिवस पीत राहणाऱ्यासाठी. त्या विषयावरच्या एका नियतकालिकाने तर लेखकांना शब्द जुन्याच अर्थाने वापरायला सांगितले. (मराठीत आपण दोन्हींना 'अतिमद्यपान' म्हणून मोकळे होतो.) शिवाय पाच ड्रिंक किती वेळात? जेवणासोबत सहा तासांत घेतलेली पाच आणि पैज लावून तासाभरात रिचवलेली पाच यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाहणीत ती सारखीच मोजली गेली. 'एक ड्रिंक' हे मापही देशागणिक बदलते. अमेरिकेत त्यात १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात, ब्रिटनच्या एका युनिटमध्ये ८ ग्रॅम. म्हणजे एकीकडचे पाच ७० ग्रॅम, दुसरीकडचे पाच ४०. आणि पार्टीत हाताने ओतलेला ग्लास यांपैकी कोणतेच माप पाळत नाही.

२००४ मध्ये व्याख्येत वेळ आली: साधारण दोन तासांत रक्तातील अल्कोहोल ०.०८ टक्क्यांवर नेणारे पिणे म्हणजे बिंज. हे पहिल्या दिवसापासून हवे होते, असे मला ठामपणे वाटते. जीव धोक्यात येतो तो बहुधा वेगामुळे, आणि तोच दहा वर्षे मोजणीबाहेर राहिला. दुसरे नुकसान ४४ टक्क्यांच्या मथळ्यांनी केले. विद्यार्थी इतरांच्या पिण्याचा अंदाज वाढवून धरतात आणि त्या अंदाजाशी बरोबरी करू पाहतात, हे १९८० च्या दशकातच दिसले होते. उरलेल्या ५६ टक्क्यांचा मथळा झाला नाही.

२००२ च्या एका सरकारी अहवालाने नुसत्या माहितीपर व्याख्यानांनी फारसे काही बदलत नसल्याचे मान्य केले. विद्यार्थ्याशी त्याच्या स्वतःच्या सवयीबद्दल केलेले छोटे समुपदेशन त्याहून परिणामकारक ठरले होते. २००८ मध्ये शंभराहून अधिक कॉलेजप्रमुखांनी २१ च्या अटीवर फेरचर्चा मागितली. विरोधकांनी अपघातांची आकडेवारी पुढे केली आणि मागणी विरली.

याच काळात एक कमी गाजलेली तरतूद पसरत गेली: मित्रासाठी मदत मागवणाऱ्यावर पिण्याबद्दल कारवाई नाही. तिचे कारण शरीरातच आहे. यकृत तासाला साधारण एकच ड्रिंक निकामी करते. कॉफी किंवा थंड पाण्याने तो वेग वाढत नाही. बेशुद्ध पडल्यावरही पोटातले मद्य रक्तात उतरत राहते, त्यामुळे 'झोपू द्या, उतरेल' म्हणून ठेवलेला मुलगा झोपेतच आणखी खालावू शकतो किंवा उलटीने गुदमरू शकतो. त्याला कुशीवर वळवून, एकटे न सोडता ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी लागते. कारवाईच्या भीतीने नेमका हाच फोन टळत होता. आजही काही ठिकाणी ही सूट फक्त फोन करणाऱ्याला आहे, काही ठिकाणी आजारी विद्यार्थ्यालाही; आणि रात्री दोन वाजता वसतिगृहाच्या खोलीत हा फरक कुणाला ठाऊक असेलच असे नाही.